मदत हवी आहे: सहाव्या वर्षी येणाऱ्या दाढांना सीलंट करून घ्यावं का?

रानजाई

नमस्कार. दोन्ही मुलांच्या दातांबद्दल सल्ला हवा आहे.

मुलगी साडेसहा वर्षांची आहे. खालच्या बाजूला, शेवटच्या दुधाच्या दाढेच्या मागे, दोन नव्या दाढा आल्यात. उजवी पूर्ण वर आली आहे, डावीवर मागच्या बाजूने अजून हिरडीचा पडदा आहे. एकही दात न पडता आल्या, त्यामुळे घरात सगळे त्यांना दुधाच्याच समजत होते. डेंटिस्ट म्हणाले, या कायमच्या आहेत, खाचा खोल आहेत, कीड अजून नाही, तर सीलंट, म्हणजे खाचा बुजवणारा पातळ थर, करून घ्या. शिवाय सगळ्या दातांना फ्लोराइड व्हार्निश, म्हणजे दातांवर लावायचा फ्लोराइडचा लेप.

सासूबाईंचं म्हणणं, दुखत नाही, किडलेलं नाही, मग चांगल्या दाताला हात कशाला लावायचा? आणि खाचेत आधीच कीड असेल तर ती आत कोंडली जाणार नाही का? या दुसऱ्या प्रश्नावर मलाही उत्तर देता आलं नाही. शिवाय सीलंट म्हणजे प्लास्टिकचाच प्रकार ना? त्याचा त्रास होत नाही का? भूल द्यावी लागते का? लेक खुर्चीत शांत बसते, पण सुई पाहिली तर पुन्हा तोंड उघडणार नाही याची मला खात्री आहे.

मुलगा तेरा वर्षांचा, ब्रेसेस लावलेल्या आहेत. ब्रॅकेटच्या कडेने, हिरडीजवळ, खडूसारखे पांढरे डाग दिसू लागलेत. ब्रश करतो पण उरकल्यासारखा, रात्री तर टाळतोच. हे डाग जातात का? सारखं मागे लागून आता आमच्यात कुरबुरी व्हायला लागल्यात, तेव्हा तो आपणहून करेल असं काही सुचवा.

केवडा

माझ्या मुलाच्या चारही दाढांना केलं आहे. सुई नाही, भूल नाही, ड्रिल नाही. दाढ साफ केली, एक जेल लावलं, धुऊन हवेच्या फवाऱ्याने कोरडी केली, मग खाचांत पातळ द्रव सोडून वर निळा लाइट धरला. एका दाढेला काही मिनिटं लागतात. जेल आंबट लागलं एवढीच त्याची तक्रार. एका दाढेवरचं मात्र पुढे निघालं, ते नेहमीच्या तपासणीत दिसलं म्हणून परत लावता आलं. तपासण्या चुकवू नका.

नदीकाठ

रानजाई ताई, मी लहान मुलांच्या दातांचं काम करते, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

तुमच्या डेंटिस्टनी योग्य वेळी योग्य सल्ला दिला आहे. कायमच्या दातांमध्ये सगळ्यात जास्त किडते ती हीच दाढ. नवीन आलेल्या दाताचं इनॅमल, म्हणजे वरचं कडक आवरण, अजून पुरतं पक्कं झालेलं नसतं. खाचा इतक्या अरुंद असतात की ब्रशचा केसही तळापर्यंत जात नाही. आणि दाढ वर येत असते त्या काळात ती शेजारच्या दातांपेक्षा खाली असते, म्हणजे ब्रश तिच्यावरून नुसता निघून जातो. पुढे वाचण्याआधी एवढं एक लक्षात घ्या: ब्रश गालाच्या बाजूने आडवा आत घालून ती दाढ वेगळी घासायची, आणि ती तुम्ही घासायची. सात-आठ वर्षांपर्यंत मुलांच्या हाताला हे जमत नाही, कितीही हौस असली तरी.

सासूबाईंची शंका रास्त आहे. पण कीड जगते ती बाहेरून मिळणाऱ्या साखरेवर. पृष्ठभाग फुटलेला नसेल, नुसती सुरुवात असेल, तर वरून नीट बंद केल्यावर जंतूंचं अन्न तुटतं आणि कीड तिथेच थांबते. खड्डा पडलेला असेल तर सीलंट करतच नाहीत, तिथे फिलिंग लागतं. अमेरिकेच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेचे आकडे सांगतात की सीलंटमुळे मागच्या दातांतली सुमारे ८० टक्के कीड २ वर्षांपर्यंत टळते. प्लास्टिकचं म्हणाल तर लावल्यानंतर थोडा वेळ अगदी अत्यल्प अंश लाळेत उतरू शकतो. लावून झाल्यावर पृष्ठभाग पुसून, चूळ भरायला लावली की तोही कमी होतो.

डाव्या दाढेची घाई करू नका. हिरडीच्या पडद्याखाली ओल राहते आणि ओल्या दातावर रेझिन, म्हणजे नेहमीच्या सीलंटचं प्लास्टिक, टिकत नाही. तिथे सध्या व्हार्निश, किंवा ग्लास आयोनोमर नावाच्या दुसऱ्या पदार्थाचं तात्पुरतं सीलंट. त्याला थोडी ओल चालते आणि त्यातून फ्लोराइडही सुटतं.

व्हार्निश वेगळं का, तर सीलंट फक्त चावायच्या पृष्ठभागाचं रक्षण करतं. दातांच्या बाजूंना आणि हिरडीलगतच्या भागाला फ्लोराइडच लागतं, आणि जिथे दोन दात चिकटलेत तिथे फ्लॉस. व्हार्निशमध्ये फ्लोराइड २२,६०० पीपीएम (दहा लाख भागांत इतके भाग) असतं. आकडा दचकवणारा आहे, पण वापर थेंबभराचा असतो आणि ते दाताला चिकटून बसतं. साधारण ३ ते ६ महिन्यांनी परत लावतात. घरची टूथपेस्ट किमान १००० पीपीएमची, वाटाण्याएवढी. थुंकायची, पण त्यावर चूळ भरायची नाही. पिण्याचं पाणी बोअरचं असेल तर त्यातलं फ्लोराइड तपासून घ्या. प्रमाण लिटरला १.५ मिलिग्रॅमच्या वर असेल तर डेंटिस्टना जरूर सांगा.

नव्या दाढेवर पिवळा-तपकिरी पट्टा असेल किंवा गार पाण्याने ती ठणकत असेल तर मात्र थांबू नका, लगेच दाखवा. काही मुलांच्या या दाढांचं इनॅमल जन्मतःच कच्चं असतं आणि ते भराभर झिजतं.

रानजाई

खूप खूप आभार. ड्रिल नाही हे वाचूनच लेकीचा चेहरा खुलला. मुलाबद्दलही कोणी सांगाल का?

पारवा

मी ब्रेसेसच्या रुग्णांबरोबर काम करतो. पांढरा डाग म्हणजे तिथून कॅल्शियम निघून जायला लागलं आहे, खड्डा अजून नाही. आत्ता थांबवलं तर डाग पुढे जात नाही, आणि बरेच डाग फिकेही होतात. जुने डाग थोडेफार राहतात, त्यांच्यावर ब्रेसेस काढल्यावर उपाय करता येतात.

मुलाला ओरडू नका, दातांवरचा थर रंगवणाऱ्या गोळ्या आणा. ब्रश झाल्यावर गोळी चघळायची, जिथे थर उरलाय तिथे रंग चढतो आणि आरशात त्याचं त्यालाच दिसतं. तेरा वर्षांच्या मुलाला आईचं सांगणं पटायला वेळ लागतो, आरशात दिसलेलं लगेच पटतं. तारेखालून फिरवायचा बारीक ब्रशही त्याच्याच हातात द्या.

रात्रीच्या ब्रशवर मात्र तडजोड नको. झोपेत लाळ कमी होते, आम्ल धुऊन जात नाही. दिवसा गोड किंवा गॅसवालं पेय घोट घोट पीत बसायची सवय असेल तर ती आधी मोडा. प्रत्येक घोटानंतर तोंडातलं आम्ल उतरायला अर्धा तास तरी जातो. एकदाच पिऊन संपवलेलं कमी नुकसान करतं. फ्लोराइडचं माउथवॉश द्यायचं तर ब्रशच्या वेळेपेक्षा वेगळ्या वेळी द्या, म्हणजे शाळेतून आल्यावर वगैरे.

आणि हो, बाराव्या वर्षाच्या आसपास आणखी मागे दुसऱ्या कायमच्या दाढा येतात. त्याच्या आल्या असतील, तर त्यांच्या सीलंटबद्दलही विचारा. मोठ्या मुलांच्या बाबतीत हे हमखास राहून जातं.

रानजाई

आल्या आहेत! आत्ताच बॅटरी लावून पाहिलं. दोघांचीही वेळ एकदमच घेते. लेकीच्या उजव्या दाढेला सीलंट, बाकी व्हार्निश. संध्याकाळची वेळ मिळाली तर त्या रात्री ब्रश करायचा का?

नदीकाठ

व्हार्निश लावलं त्या रात्री नको. त्या दिवशी कडक, चिकट आणि फार गरम काही देऊ नका, आणि सकाळी नेहमीसारखा ब्रश करा. रात्रभर दात पिवळसर, खडबडीत लागतील. तिला आधीच सांगून ठेवा.