मदत हवी आहे: डिटेक्टरच्या शिशाच्या कवचाचं सिम्युलेशन

नमस्कार मंडळी, नागपुरात एमएस्सी करतोय. हातात धरायच्या सोडियम आयोडाइड डिटेक्टरच्या (गॅमा किरण मोजणारं उपकरण) कवचाचं सिम्युलेशन जिआंट-४ मध्ये (कण पदार्थातून कसे जातात ते दाखवणारं सॉफ्टवेअर) चालू आहे. सीझियम-१३७ या किरणोत्सारी स्रोताचे ६६२ केईव्ही (केईव्ही हे ऊर्जेचं एकक) ऊर्जेचे गॅमा किरण निम्मे अडवायला साधारण ६ मिमी शिसं लागतं. इतवारीतून पत्रा आणून १२ मिमीचं कवच गुंडाळून पाहिलं, तर पाच मिनिटांत मनगट भरून आलं! शिवाय डिटेक्टरच्या आलेखात शिशाच्याच क्ष-किरणांचं ७५ केईव्हीजवळ शिखर यायचं. आतून कथील आणि त्याच्या आत तांबं दिल्यावर ते शिखर दबलं.

आता अडचण अशी, की सिम्युलेशनमध्ये कवच खूप जाड घेतलं की त्यातून पार होणारे फोटॉन (गॅमा किरणांचे कण) इतके थोडे की रात्रभर रन करूनही आलेख खडबडीतच राहतो. इम्पॉर्टन्स बायसिंगसाठी (कवचात खोलवर पोचलेल्या फोटॉनच्या प्रती वाढवून त्यांचं वजन तेवढंच कमी धरायची युक्ती) कवचाचे किती थर पाडावेत? कुणी केलं असेल तर प्लीज सांगा, सबमिशन तोंडावर आलंय.