'आझुमी' (२००३) : इतका देखणा असून पकड का घेत नाही?

चौकट
र्‍युहेई कितामुराचा 'आझुमी' हा जपानी सिनेमा मूळ १४२ मिनिटांच्या आवृत्तीत पाहिला. (पुढे रहस्यभेद आहे.) सुरुवात जबरदस्त. म्हातारा गुरू दहा अनाथ मुलांना तलवार शिकवून वाढवतो. मोहिमेवर निघायच्या वेळी सांगतो, ज्याच्यावर सर्वांत जास्त जीव आहे त्याच्याशी जोडी लावा. जोड्या लागल्या की हुकूम सुटतो : आता एकमेकांना मारा. पाच उरतात. आणि त्याच सिनेमाच्या शेवटी त्यांतली एकटी आझुमी शेकडो गुंड कापते, तेव्हा मात्र काहीच वाटत नाही. चूक नेमकी कुठे? तलवारबाजीत, संकलनात की पटकथेत? आणि १२८ मिनिटांची आवृत्ती जास्त बरी आहे का?

रानवारा
तलवारबाजीपुरतं सांगतो. जपानी तलवारीच्या लढाईचा जीव 'मा-आई'त, म्हणजे दोघांमधल्या अंतरात असतो. एक पाऊल टाकलं की वार पोचेल, एक पाऊल मागे घेतलं की चुकेल, अशा अंतरावर दोघं उभे राहतात. पातं साधारण ७० सेंटिमीटरचं, पण कापायचं काम टोकाजवळच्या थोड्याशा भागाचं. त्यामुळे वीतभर अंतर बदललं तरी निकाल बदलतो. हे दिसायला दोन्ही लढवय्ये पायांसकट एका चौकटीत हवेत. इथे बहुतेक वार कमरेच्या वर आणि कॅमेरा हलता ठेवून टिपलेत. पाय दिसत नाहीत, मग अंतर कळत नाही, आणि अंतर कळलं नाही की धोकाही कळत नाही.

दुसरं म्हणजे वार झाल्यावरचा क्षण. 'झानशिन' म्हणजे शत्रू पडल्यावरही नजर आणि टोक त्याच्यावर रोखून ठेवणं. खांद्यातून तिरका कमरेपर्यंत जाणारा 'केसा-गिरी' घ्या. (केसा म्हणजे बौद्ध भिक्षूचं वस्त्र, शब्द आपल्या 'काषाय'वरूनच गेलेला, ते वस्त्र खांद्यावरून जसं तिरकं येतं तसा हा वार.) असा वार झाला की अर्धा श्वास थांबावं लागतं, तेव्हा तो लागतो. इथे रक्ताची चिळकांडी उडते आणि त्याच क्षणी पुढचा माणूस हजर. तिसऱ्या मिनिटाला डोळा बधिर होतो.

खलनायक बिजोमारूशी आझुमीचं शेवटचं द्वंद्व मात्र वेगळं काढा. त्याच्या तलवारीला त्सुबा, म्हणजे मुठीवरची चकतीच नाही. समोरच्याचा वार अडवायची वेळ कधी आलीच नाही, हा त्याचा माज. एका तपशिलात अख्खं पात्र उभं राहतं. दोघं भिडल्यावर कॅमेरा डोक्यावरून पायाखालून पूर्ण उभं वर्तुळ घेतो. ती करामत निव्वळ दिखाऊ नाही, कारण तिथे दोघंच आहेत आणि अंतर सतत दिसतं.

मध्यमा
रानवारांशी सहमत, पण मोठा घोळ मोजदादीचा आहे. 'सेव्हन सामुराई'त (१९५४) दरोडेखोर चाळीस. सामुराईंचा म्होरक्या कागदावर वर्तुळं काढून ठेवतो आणि एकेक मेला की फुली मारतो. किती उरले हे आपल्यालाही ठाऊक असतं. गावात शिरायची वाट कुठे मोकळी ठेवली आणि किती जणांना आत घ्यायचं, हेही आधीच कळलेलं असतं. ताकाशी मिइकेच्या '१३ असॅसिन्स'मध्ये (२०१०) शत्रू सत्तरच्या जागी दोनशे येतात, पण आख्खं गाव आधी सापळ्यासारखं बांधलेलं दाखवलंय, म्हणून पाऊण तासाची लढाई पेलते. 'आझुमी'त गुंडांच्या त्या वस्तीचा नकाशाच डोक्यात बसत नाही. आझुमी कुठून शिरली, कुठे पोचायचंय, किती उरले, काहीच नाही. ती थकत कशी नाही, हा प्रश्नही कोणी विचारत नाही.

पटकथेचं दुखणं आणखी खोल. वाटेत एका गावाची कत्तल चाललेली असते आणि गुरू मुलांना मध्ये पडू देत नाही. मोठं युद्ध टाळायला माणसं मारायची म्हणून वाढवलेली ही मुलं, समोर निरपराध मरताना गप्प राहतात. सिनेमाचा खरा पेच हाच होता. शेवटी त्याचा नुसता सूड होतो.

अवकाळी
इतिहासाची बाजू : यू कोयामाच्या मूळ मांगात, म्हणजे जपानी चित्रकथेत (१९९४ पासून, ४८ खंड) एक सुंदर कल्पना आहे. आझुमीचं लक्ष्य असलेले तोयोतोमी घराण्याच्या बाजूचे सरदार आसानो नागामासा, कातो कियोमासा आणि सानादा मासायुकी हे तिघंही खरोखर १६११ सालीच वारले. त्याच वसंतात कियोमासा त्या घराण्याचा तरुण वारस तोयोतोमी हिदेयोरी याला घेऊन निजो किल्ल्यात सत्ताधारी तोकुगावा इएयासूच्या भेटीला गेला होता. परतताना आजारी पडला आणि कुमामोतोत वारला, म्हणून विषप्रयोगाची वदंता उठली. या योगायोगाच्या फटीत कथा बसवलीय. सिनेमाने हे राजकारण दोन-चार संवादांत उरकलं, त्यामुळे कियोमासा कोण आणि तो मेला तर कोणाचं काय बिघडतं, हे नवख्या प्रेक्षकाला कळत नाही.

१२८ मिनिटांच्या मागे लागू नका. चौदा मिनिटं कमी करून अंतर आणि नकाशा परत येत नाहीत. १४२ चीच ठेवा. दुसऱ्यांदा पाहताना जोड्यांचा प्रसंग, गावाची कत्तल आणि बिजोमारू, एवढं सलग पाहा. सानादाचं प्रकरण २००५ च्या दुसऱ्या भागात येतं, कुदोयामाला. दिग्दर्शक तिथे शुसुके कानेको.