प्रति: हातावर विणलेल्या मफलरला जाळी का पडते

मफलरला जाळी का पडते, म्हणजे टाक्यांमध्ये मोठी भोकं का दिसतात, या प्रश्नावर आधीच्या एका उत्तरात जाड लोकर घेतली की जाळी पडत नाही असं म्हटलंय, ते अर्धंच खरं. हातावरच्या विणकामात सुया नसतात, टाके थेट हातावर चढवतात. इथे सुई म्हणजे तुमचा हात, त्यामुळे टाका हाताच्या घेराएवढा होतो. टाके कोपराकडे सरकले की तिथल्या जाडीने ते आणखी ढिले पडतात आणि मफलर मच्छरदाणीसारखा दिसतो. म्हणून टाके मनगटाजवळच ठेवा आणि प्रत्येक टाका हातावर चढवल्यावर लगेच धागा ओढून घट्ट करा. पूर्ण ओळ झाल्यावर ओढून उपयोग नाही. साधी लोकर असेल तर तीन-चार धागे एकत्र धरा, आठ टाके पुरतात. सुरुवातीला शेपूट, म्हणजे पहिले टाके घालायला लागणारं धाग्याचं मोकळं टोक, दोनेक मीटर सोडा, नाहीतर टाके घालतानाच संपतं. मध्येच उठायचं झालं, तर टाके न पिळता झाडूच्या दांड्यावर सरकवून ठेवता येतात.