मदत हवी आहे: सोलं वाळवायच्या शेडची झडप, ॲक्चुएटर आणि रिले

नमस्कार मंडळी. आम्ही गोव्यात, सत्तरी तालुक्यात, वाळपईजवळ राहतो. मे महिन्यात घरची कोकमं फोडून सोलं (आमसुलं) घालतो. रसात बुडवून काढली की त्यांना कडक ऊन लागतं, आणि नेमका तेव्हाच वळवाचा पाऊस दुपारनंतर गाठतो. एकदा बुरशी धरली की आईची सगळी मेहनत फुकट. म्हणून शेडच्या छपराला पॉलिकार्बोनेटची झडप बसवली, ती ॲक्चुएटरने, म्हणजे मोटरने पुढे-मागे सरकणाऱ्या दांड्याने, उघडते-मिटते.

ॲक्चुएटर १२ व्होल्ट डीसी, दोन वायरींचा, लिमिट स्विच (टोकाला पोचल्यावर मोटर थांबवणारे) आतच. एकेक वायर एकेका रिलेच्या (विजेने फिरणाऱ्या स्विचच्या) कॉमनला, म्हणजे मधल्या टोकाला. दोन्ही एनओ (रिले ओढला की कॉमनला जोडलं जाणारं टोक) प्लसला, दोन्ही एनसी (रिले सुटलेला असताना जोडलेलं टोक) मायनसला. रिले ईएसपी३२ हा छोटा कंट्रोलर चालवतो, जोडीला पावसाचा सेन्सर. सगळं एकाच ५ अँपिअरच्या ॲडाप्टरवर.

झडप पूर्ण उघडी असताना पाऊस आला तर छान मिटते. उघडत असतानाच थेंब पडले तर रिले उलटतात आणि त्याच क्षणी ईएसपी रिसेट होतो. कधी सावरतो, कधी अडकतो. शिवाय गडगडायला लागलं की आमच्याकडे आधी लाईट जाते, मग तर झडप उघडीच राहते! मोठा कपॅसिटर लावून भागेल का? लाईट गेल्यावरही मिटेल अशी जोडणी कशी करू?

प्रतिसाद १:
कपॅसिटरने भागणार नाही. फिरती मोटर एकदम उलटी जोडली की तिचा स्वतःचा व्होल्टेज सप्लायच्या बाजूने उभा राहतो आणि क्षणभर करंट सुरुवातीच्या झटक्याच्याही जवळपास दुप्पट होतो. ॲडाप्टर खाली बसतो, ईएसपी मरतो. दिशा बदलण्याआधी दोन्ही रिले अर्धा सेकंद सोडून ठेवा. तेवढ्यात मोटरच्या दोन्ही वायरी मायनसवर येतात, म्हणजे ब्रेकच लागतो.

लाईटसाठी मात्र मी जोडणीच बदलेन. दोन रिलेंऐवजी एक डीपीडीटी, म्हणजे एकाच कॉइलने (रिले ओढणाऱ्या वेटोळ्याने) मोटरच्या दोन्ही वायरी एकदम फिरवणारा रिले: कॉइल सुटलेली तेव्हा मिटायची दिशा, ओढलेली तेव्हा उघडायची. मोटर १२ व्होल्ट ७ अँपिअर-तासाच्या सीलबंद बॅटरीवर, कॉइल आणि ईएसपी ॲडाप्टरवर. लाईट गेली, ईएसपी अडकून रिसेट झाला, कॉइलची वायर तुटली, तरी झडप मिटतेच. पुढे लिमिट स्विच करंट तोडतो. झडप मध्येच थांबवता येणार नाही, पण तुम्हाला ते नकोच आहे. रिलेवरचा डीसी करंटचा आकडा बघून घ्या, एसीचा नव्हे. बॅटरीच्या प्लसलगत फ्यूज हवाच.

धागाकर्ता:
हे फार पटलं. पण मग अर्ध्या सेकंदाची विश्रांती कुठे द्यायची? आणि ताटं हलवायला आई झडपेखाली जाते, तेव्हा?

प्रतिसाद १:
मोटरच्या प्लसमध्ये आणखी एक रिले, एनसीमधून. ईएसपीने आधी तो ओढायचा, मग डीपीडीटी फिरवायचा, मग सोडायचा. लाईट गेली तर ही विश्रांती मिळत नाही, म्हणून कॉन्टॅक्ट दणकट घ्या. आईसाठी बॅटरीच्या वायरीतच हाताशी येईल असा मेन स्विच. तो बंद केल्याशिवाय झडपेखाली कुणी जायचं नाही. रिलेंचा डबा ताटांपासून लांब ठेवा, कोकमाचा आंबट रस आणि मीठ टर्मिनल खाऊन टाकतात.