लिब्रेऑफिस: मराठी वापरासाठी आधीच काय बदलून ठेवावं?

ग्रंथपाल_मदत: वाचनालयातल्या संगणकांवर उबुंटू (लिनक्स प्रणाली) आणि लिब्रेऑफिस हा मोफत ऑफिस-संच आहे. वापरणारे कारकून आणि विद्यार्थी. त्यातल्या रायटरमध्ये (मजकूर लिहिण्याचा भाग) आकार १४ निवडला तरी मराठी मजकूर १२ चाच उमटतो. फाइल दुसरीकडे उघडली की पानं सरकतात. 'ऱ्य' जमत नाही. प्रशिक्षण द्यावं की सेटिंग बदलावी?

अक्षरजुळणी: सेटिंगच बदला. रायटर इंग्रजी आणि देवनागरी यांचा फाँट व आकार वेगवेगळा धरतो. रिकाम्या ओळीवर निवडलेला १४ इंग्रजीला लागतो, देवनागरी १२ वरच राहते. वापरणाऱ्याची यात काहीच चूक नाही, पडद्यावर हे कुठे दिसतच नाही.

टूल्स → ऑप्शन्स → लँग्वेजेसमध्ये 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'वर (सीटीएल, म्हणजे देवनागरीसारख्या लिप्यांची सोय) खूण करून मराठी निवडा. मग एफ११ दाबून 'डिफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल'वर राइट क्लिक, एडिट. फाँटच्या टॅबमध्ये सीटीएल भागात नोटो सॅन्स देवनागरी, १४. शेवटी हे साचा म्हणून ठेवा: फाइल → टेम्प्लेट्स → सेव्ह ॲज टेम्प्लेट, तिथे 'डिफॉल्ट' करण्याची खूण विसरू नका.

'ऱ्य'साठी इनस्क्रिप्ट कळफलकात शिफ्ट+जे, डी, आणि मग य (स्लॅशची कळ). साध्या र ने रफार चढून 'र्य' होतो. काही जण र, हलन्त आणि अदृश्य जोडचिन्ह टाकून तसंच अक्षर काढतात. दिसायला सारखं, पण आतले संकेत निराळे, म्हणून शोधताना तो शब्द सापडत नाही.

मुक्तस्रोत_पुणे: पानं सरकतात कारण समोरच्या यंत्रावर तुमचा फाँट नसतो. त्याच्याऐवजी विंडोजमधला मंगल किंवा निर्मला फाँट आला की अक्षरांची रुंदी बदलते, ओळी तुटतात. नुसतं वाचायला द्यायचं असेल तर पीडीएफच पाठवा. दुरुस्तीसाठी द्यायचं असेल तर फाइल → प्रॉपर्टीज → फाँटमध्ये 'एम्बेड फाँट्स'वर खूण करा, म्हणजे फाँट फाइलीसोबतच जातो.

टूल्स → ऑप्शन्समधल्या लोड/सेव्ह → जनरलमध्ये नेहमीचा प्रकार वर्ड (डॉक्स) केला की दर वेळी येणारा 'कोणत्या प्रकारात साठवू' हा प्रश्नही थांबतो. कारकुनाला त्या प्रश्नाचं उत्तर माहीत असायची गरज नाही. वाचनालयाचे स्वतःचे कायमचे दस्तऐवज मात्र ओडीटीतच (लिब्रेऑफिसचा स्वतःचा फाइल-प्रकार) ठेवावेत, असं माझं ठाम मत.

ग्रंथपाल_मदत: हे प्रत्येक खात्यावर हाताने करायचं?

मुक्तस्रोत_पुणे: नाही. एका खात्यावर सगळं नीट लावा, लिब्रेऑफिस बंद करा. होममधल्या लपलेल्या 'कॉन्फिग' फोल्डरातलं लिब्रेऑफिसचं फोल्डर सिस्टीमच्या 'स्केल' (/etc/skel, नव्या खात्यांचा नमुना) फोल्डरात त्याच रचनेत ठेवा. यानंतर काढलेल्या प्रत्येक खात्याला ते मिळेल, जुन्या खात्यांत वेगळं टाकावं लागेल. लिब्रेऑफिस स्नॅपमधून (उबुंटूची सॉफ्टवेअर बसवण्याची एक पद्धत) बसवलं असेल तर जागा निराळी, होममधल्या 'स्नॅप' फोल्डरात. एक नवं खातं काढून तपासाच. टेम्प्लेटचा पत्ता जुन्या खात्याचाच राहिला असेल तर साचा लागणार नाही.

अक्षरजुळणी: आणखी एक. चार-पाच जणांना 'हा अर्ज १४ आकारात टाइप करून मेलने पाठवा' एवढंच सांगा आणि मागे गप्प उभे राहा. कुठे अडले, कोणती कळ दाबली, काय व्हायला हवं होतं, ते टिपून डॉक्युमेंट फाउंडेशनच्या (लिब्रेऑफिस सांभाळणारी संस्था) बगझिला या तक्रार-नोंद संकेतस्थळावर आवृत्तीच्या क्रमांकासह नोंदवा. एका नोंदीत एकच अडचण. 'मराठी नीट चालत नाही' अशा तक्रारीवरून कुणालाच दुरुस्ती करता येत नाही.