प्रोटीनचा डबा अन्न की औषध?

तापीकाठ (चोपडा): भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय. पहाटे मैदान, संध्याकाळी जिम आणि दोन्ही वेळेला शेक. परवा त्याच्या डब्यावरचं पांढरं स्टिकर सहज नखानं उकललं, तर खाली छापलेली मुदत मार्चमध्येच संपलेली! दुकानदार म्हणतो, "एफएसएसएआयचा नंबर आहे ना भाऊ." अहो, एफएसएसएआय म्हणजे केंद्राचं अन्नसुरक्षा प्राधिकरण, आणि तो 14 आकडी नंबर म्हणजे धंद्याचा परवाना. आतली पावडर कोणी तपासली, याचा दाखला नव्हे. 2006 च्या अन्नसुरक्षा कायद्यात असलं सप्लिमेंट, म्हणजे पूरक आहार, अन्नातच मोडतं, त्यामुळे नियमांच्या यादीतले घटक वापरले की प्रत्येक मालाला वेगळी मंजुरी लागत नाही. माझं तर म्हणणं, हे सरळ औषध कायद्याखाली आणा.

भुसावळचा मेडिकलवाला: स्टिकरची लबाडी आजच्या कायद्यातही लबाडीच आहे, त्याला नवा कायदा कशाला? डब्यावर 'औषधी वापरासाठी नाही' लिहिणं सक्तीचं आहे. फसव्या जाहिरातीला 10 लाखांपर्यंत दंड आहे. औषध कायदा लावला तर मोठ्या कंपन्या फायली भरत बसतील, मरेल तो रावेरकडे केळीची पावडर करणारा बचत गट. आणि औषधं काय बनावट निघत नाहीत?

पांझरा (धुळे): दादा, बचत गटाला मध्ये ओढू नका. नुसती केळीची पावडर साधं अन्न आहे, तिला कोण औषध म्हणतंय? आणि खोट्या लेबलला दंड 3 लाखांपर्यंत. एवढं तर डबेवाल्यांचं जाहिरातीवर जात असेल.

भुसावळचा मेडिकलवाला: बरं, केळी मागे घेतली. पण अन्नसुरक्षा कायद्याचं कलम 40 वाचा. गिऱ्हाईक स्वतः फी भरून अन्न विश्लेषकाकडून माल तपासून घेऊ शकतं. दोष निघाला तर फी परत.

पांझरा (धुळे): मेख त्यातच आहे. तपासायला नेतोय हे घेतानाच दुकानदाराला सांगावं लागतं. मग तो स्टिकरवाला डबा काढून देईल होय?

भुसावळचा मेडिकलवाला: हे मात्र खरं. असं सांगून माझ्याकडून आजवर कोणी डबा नेला नाही. चोपडेकर, भाच्याकडे निदान बिल तरी आहे का? तक्रार त्यावरच उभी राहते.

तापीकाठ (चोपडा): नाही हो. बिल हवं तर 200 रुपये जास्त पडतील म्हणाला होता.