लेवीयपर्यंत पोचून थांबलेल्यांनो, लिहा

वास्कोची सून
दरवर्षी 1 जानेवारीला मी पवित्र शास्त्र पहिल्या पानापासून उघडते. उत्पत्तीचे 50 अध्याय, निर्गमाचे 40. रोज तीन धरले तर महिना सरता सरता तिसरं पुस्तक लेवीय येतं. तिथे होमार्पण, अन्नार्पण, त्वचारोगांचे नियम, आणि नेमकी तेव्हाच मुलांची परीक्षा. की पुस्तक कपाटात! सासूबाई नगरच्या, मिशन कंपाउंडात वाढलेल्या. त्या मला काही बोलत नाहीत, पण त्यांच्या बायबलमधली फीत रोज पुढे सरकलेली दिसते. तेच जास्त बोचतं.
नोकरी-घर सांभाळून ज्यांचं वाचन टिकलंय त्यांनी सांगा, कधी, कुठे, किती वाचता? 'वेळ काढला की निघतो' हे ऐकून झालंय, ते नको.

चोडणकार
माझं वाचन रायबंदरच्या फेरीबोटीच्या भरवशावर. फेरीत बसण्यापेक्षा धक्क्यावर स्कूटर लावून थांबण्यातच जास्त वेळ जातो. खिशात छोटा नवा करार असतो. मार्कापासून धरलं, कारण येशूची कथा सांगणाऱ्या चार शुभवर्तमानांत तेच सगळ्यात लहान, 16 अध्याय. रोज अर्धा. चौथ्या अध्यायात येशू होडीत उशाला उशी घेऊन झोपलाय आणि वादळ सुटलंय, ते वाचलं त्या दिवशी जुलैचा पाऊस आडवा मारत होता आणि आमची फेरीही हलत होती. तो अध्याय कधी विसरणार नाही. परतताना मात्र वाचत नाही. तेव्हा बाजारात मासळी काय भावाने मिळाली याच्या गप्पा.

वेर्णा, तिन्ही पाळ्या
'पहाटे उठून वाचा' म्हणणाऱ्यांनी एकदा रात्रपाळी करून बघावी. माझी पहाट दर आठवड्याला बदलते. घड्याळ सोडलं आणि वाचन डब्याला बांधलं: डबा उघडण्याआधी एक स्तोत्र, मग तो दुपारी उघडो की रात्री दोनला. स्तोत्रं 150. 117वं दोनच ओव्यांचं, त्या दिवशी चैन. 119वं 176 ओव्यांचं, पण ते हिब्रू अक्षरांप्रमाणे आठ-आठ ओव्यांच्या 22 तुकड्यांत बांधलेलं आहे. मी ते 22 डबे खाऊन संपवलं.

म्हापसा, दुकानदार
नीतिसूत्रे. अध्याय 31, जी तारीख तो अध्याय. फीत नको, हिशेब नको. बायकोची एकच तक्रार, सद्गुणी स्त्रीचा तो 31वा अध्याय वर्षातून सातच वेळा येतो.

बार्देशची
आम्ही कॅथलिक, घरात कोंकणी, मराठी शाळेत शिकले. लहानपणी संध्याकाळी तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, कधी चुकला नाही, पण बायबल हातात घेऊन वाचायची सवय नव्हती. आता मिस्सेत, म्हणजे चर्चच्या उपासनेत, त्या दिवशी वाचले जाणारे बायबलचे उतारे वाचते. रविवारचे उतारे तीन वर्षांच्या चक्रात फिरतात, म्हणून पुढच्या रविवारचं शुभवर्तमान गुरुवारीच वाचून ठेवते. रविवारी पाद्रींचा उपदेश ऐकताना मनात आधीच दोन प्रश्न असतात. (उत्तरं मिळतातच असं नाही.) नोव्हेंबरच्या शेवटी जुन्या गोव्याच्या नोव्हेना (नऊ दिवसांच्या प्रार्थना), मग 3 डिसेंबरचं सेंट फ्रान्सिस झेवियरचं फेस्त, पाठोपाठ नाताळची धांदल, तेव्हा खूप दिवस बुडतात.

वास्कोची सून
मग बुडालेलं भरून काढता?

बार्देशची
नाही. त्या दिवसाचं वाचन त्या दिवसाबरोबर गेलं. मी भरून काढायला बसायचे तेव्हाच सोडून द्यायचे.

डिचोलीचा मास्तर
मी ख्रिस्ती नाही, आगंतुक म्हणून लिहितो. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सचं क्रिस्तपुराण 1616 साली गोव्यातल्या रायतूरला छापलं गेलं, मराठीतच, पण रोमन अक्षरांत. सुमारे 11 हजार ओव्या. ते काही मूळ शास्त्र नव्हे, पण बायबलची कथा आपल्या ओवीत आहे. रोज दहा ओव्या, म्हणजे तीन वर्षांचं काम. माझं दुसरं वर्ष चालू आहे. ज्ञानेश्वरीसारखं मोठ्याने वाचतो. डोळे पुढे घसरतात, जिभेला घसरता येत नाही. तुमच्या लेवीयावर हाच उपाय करून बघा.

कळंगुट, हॉटेलचं किचन
ऑक्टोबर ते मार्च शून्य. खोटं कशाला लिहू? कांदा चिरताना फोनवर मराठी बायबल लावून बघितलं, पण ऑर्डरींच्या आरडाओरड्यात कोण कोणाचा बाप तेच कळेना. पावसाळ्यात वाचतो. दोन पावसाळ्यांत लूक आणि प्रेषितांची कृत्ये झाली.

वास्कोची सून
मास्तरांचं ऐकून काल चपात्या लाटताना मुलाला लेवीय मोठ्याने वाचायला लावलं. दोन अध्याय झाले, तो पळाला. मग धीर करून सासूबाईंना विचारलं, तुम्ही लेवीय कसं पार करता? त्या म्हणाल्या, "अगं, मी तिकडे गेलेच नाही कधी. चाळीस वर्षं स्तोत्रं आणि लूक, एवढंच फिरवतेय."